दोन्ही सर्व्हर कशावर उभे आहेत?

आपल्याकडच्या कुठल्याही काउंटरवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'लिंक नाही.' दुसरं, 'सर्व्हर डाउन आहे.' सातबारा काढायला आलेला म्हातारा असो की पतसंस्थेत पैसे उचलायला आलेली बाई, हे ऐकलं की लोक मुकाट्यानं बाकावर बसतात, नाहीतर एसटीची वेळ बघून परत फिरतात. एटापल्लीच्या आतल्या गावातून आलेल्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो. मजुरी बुडते, आणि पुन्हा यावं लागतं ते वेगळंच.

'लिंक नाही' म्हणजे रस्ता तुटला. यंत्र कुठेतरी धड आहे, आपण तिथवर पोचत नाही. 'सर्व्हर डाउन' म्हणजे यंत्रच बसलं. ते यंत्र मुंबईत किंवा पुण्यात असेल तर आपल्या हातात काही नाही. पण पतसंस्था, मोठे दवाखाने, महाविद्यालयं यांतल्या काहींचे सर्व्हर इथेच, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत, जिन्याखालच्या खोलीत असतात. ते आपल्या पैशानं घेतलेले असतात. हे लिहितोय ते अशा संस्थांच्या संचालकांसाठी, डॉक्टरांसाठी, प्राचार्यांसाठी; आणि त्याहून जास्त त्यांच्या सभासदांसाठी. मी या धंद्यात केबल ओढण्यापासून सुरुवात केली आणि अजूनही बऱ्याचदा तेच करतो, तेव्हा भाषा साधीच राहील.

सर्व्हर एकदा चांगला दोन दिवस बंद पडला की संस्था घाबरते आणि नवीन कोटेशन मागवते. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं: दोन नोडचा क्लस्टर, सामायिक स्टोरेजसह, हाय अव्हेलेबिलिटी. विकणारा सांगतो, एक सर्व्हर गेला तर दुसरा आपोआप काम हातात घेईल, गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही. यात खोटं फारसं काही नाही. अर्धवट मात्र बरंच आहे.

नोड म्हणजे त्या जोडीतलं एकेक यंत्र. खातेदारांचा, रुग्णांचा, विद्यार्थ्यांचा डेटा या दोन्हींपैकी कुणाच्याच पोटात नसतो. तो तिसऱ्या एका पेटीत असतो, तिला स्टोरेज म्हणतात. दोन्ही सर्व्हर केबलनं तिला जोडलेले. पहिला काम करतो, दुसरा जागा राहून पहिल्याची नाडी बघतो. दर सेकंदाला निरोप जातो: आहेस का? उत्तर येतं: आहे. याला हार्टबीट म्हणतात. ठरलेले काही ठोके चुकले की दुसरा समजतो, पहिला गेला. मग तो स्टोरेजमधला तोच डेटा स्वतःकडे घेतो आणि तेच काम पुढे सुरू करतो. यात अर्ध्या मिनिटापासून चार-पाच मिनिटं जातात. काउंटरवरच्या मुलीला पुन्हा लॉगिन करावं लागतं. म्हणजे 'कळणारसुद्धा नाही' हे तेवढं सोडून द्या.

आता हे चित्र आपल्या भागात बसवून बघा. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यात मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. एका तलावावर कितीतरी बांध्यांचं धान पिकतं. तुम्ही बांध्या वाढवल्या, पाट दुप्पट केले, तरी पाळ फुटली की सगळ्याच बांध्या एकदम कोरड्या. सामायिक स्टोरेज हा तो तलाव आहे. दोन सर्व्हर घेऊन तुम्ही बांध्यांची सोय केलीत. पाळीचं काय केलंत, हे कोटेशनमध्ये शोधा.

पाळ भक्कम करायची रीत जुनी आहे आणि माहितीतली आहे. पेटीत कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा कारभार बघणारा तिचा मेंदू, दोन हवेत, वीजपुरवठा दोन हवेत. डिस्क अशा रचायच्या की एखादी गेली तरी डेटा शाबूत राहावा. याला रेड म्हणतात. मला विचाराल तर दोन डिस्क गेल्या तरी टिकेल अशीच रचना घ्या. कारण एक डिस्क बदलल्यावर नवीन डिस्क भरून निघायला, मोठ्या मापाची असेल तर, दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. त्या वेळात बाकीच्या डिस्कवर कामाचा मारा होतो. त्या सगळ्या एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेल्या असतात, म्हणून थकतातही जवळजवळ एकदमच. एक गेली आणि भरणी चालू असताना दुसरी गेली, हे मी पाहिलं आहे.

यापुढची चूक मात्र माझी स्वतःची आहे.

आपल्याच भागातल्या एका संस्थेत आम्ही दोन सर्व्हर आणि दोन कंट्रोलरची पेटी बसवली. यादीत दोन नेटवर्क स्विच होते. खरेदी समितीत एकानं विचारलं, हे एकाच वस्तूचे दोन नग कशाला? मीही फार वाद घातला नाही. दुसरा स्विच यादीतून गेला आणि सगळ्या केबल एकाच स्विचमध्ये लागल्या. जूनच्या पहिल्या वादळात त्या स्विचचं अडॅप्टर जळलं. दोन्ही सर्व्हर चालू, पेटी चालू, सगळीकडे हिरवे दिवे, आणि डेटा कुणालाच दिसेना. तसा स्विच गावात मिळाला नाही. तो नागपूरहून येऊन बसेपर्यंत दीड दिवस काउंटर बंद राहिला. लाखांच्या यंत्रणेत सगळ्यात स्वस्त वस्तूनं दगा दिला, आणि ती वाचवायला मी मान डोलावली होती.

वाटेची ही गोष्ट समजायला आपल्या जिल्ह्यातच एक मोठं उदाहरण उभं आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत उच्चदाबाची एकदिश वीजवाहिनी १९९९ पासून चालते. लांबी साधारण ७५० किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॉट. ही वाहिनी दोन ध्रुवांची आहे, प्रत्येक ध्रुवावर ७५० मेगावॉट. एका ध्रुवात बिघाड झाला तरी दुसरा आपल्या वाट्याची वीज नेत राहतो. मनोरे बघून कळत नाही, पण बांधणाऱ्यानं पहिल्याच दिवशी धरलं होतं की यातलं काहीतरी कधीतरी बंद पडेलच.

सर्व्हर आणि स्टोरेजच्या मधे हेच करायचं असतं. प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन कार्ड. एका कार्डाची केबल एका स्विचला, दुसऱ्याची दुसऱ्या. दोन्ही स्विचमधून पेटीच्या दोन्ही कंट्रोलरना. असं केलं की एका सर्व्हरपासून डेटापर्यंत चार वाटा होतात. यात एक गंमत आहे. सर्व्हरला त्या चार वाटा वाटत नाहीत, चार वेगवेगळ्या डिस्क वाटतात. एकच डिस्क चार दारांतून दिसते आहे हे त्याला समजावणारं वेगळं सॉफ्टवेअर असतं, मल्टिपाथ नावाचं. ते बसवलं नाही आणि नवख्या माणसानं 'चार डिस्क मिळाल्या' म्हणून दोन वेगळ्या दारांतून वेगळं काही लिहायला घेतलं, तर डेटाचा चिवडा होतो. बसवणाऱ्याला विचारा: मल्टिपाथ चालू आहे का? मग त्याच्यासमोर एक केबल उपसा आणि काम चालू राहतं का बघा. तो कचरला तर काय ते समजा.

केबल कोणती, यावरही कोटेशन फुगतं. काचेच्या तंतूची, फायबर चॅनेल नावाची जोडणी उत्तम आहे आणि महाग आहे. दुसरी आहे आयस्कझी. ती साध्या नेटवर्कच्या तारेवरूनच डिस्कची भाषा बोलते. तिचं मानक २००४ साली आलं आणि आता ती चांगली मुरलेली आहे. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संस्थेला बहुतेक वेळा आयस्कझी पुरते. अट एकच. तिचे स्विच वेगळे हवेत. सीसीटीव्हीचे कॅमेरे, प्रिंटर आणि साहेबांच्या केबिनचा वायफाय ज्या स्विचवर आहे, त्यावरच स्टोरेज टांगलंत तर दुपारी सगळं का रेंगाळतं याचं उत्तर शोधत बसाल.

इथवर निदान दिसणाऱ्या वस्तू होत्या. खरी मेख पुढे आहे, ती दिसत नाही.

समजा दोन्ही सर्व्हर धडधाकट आहेत, पण त्यांच्यातली नाडी बघण्याची तार तुटली. पहिल्याला वाटतं दुसरा गेला. दुसऱ्याला वाटतं पहिला गेला. दोघंही मालक बनतात आणि एकाच डेटावर लिहायला लागतात. नेहमीच्या फाइल सिस्टिम, मग ती विंडोजची एनटीएफएस असो की लिनक्सची एक्सएफएस, एका वेळी एकाच यंत्राच्या हातात राहण्यासाठी बनलेल्या आहेत. प्रत्येक सर्व्हर बरंचसं स्वतःच्या स्मरणात ठेवून चालतो. दुसऱ्यानं मागून पान बदललं हे त्याला कळतच नाही. तासाभरात खातेवहीची अशी अवस्था होते की कुणाची नोंद कुणाच्या नावावर हे सांगता येत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात एकाच राजाच्या वेषात दोन नट एकदम रंगमंचावर आले तर प्रेक्षक निदान हसतील तरी. इथे काही दिसतच नाही, आणि म्हणूनच हा प्रकार सर्व्हर बंद पडण्यापेक्षा वाईट. बंद सर्व्हर चालू करता येतो. बिघडलेली वही दुरुस्त करायला महिने जातात.

(दोन्ही सर्व्हरनी एकाच वेळी लिहावं अशीच गरज असेल तर त्यासाठी वेगळ्या क्लस्टर फाइल सिस्टिम आहेत, जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारख्या. त्या आपसांत कुलूप-किल्ली सांभाळतात. त्याचं काम येणारा माणूस मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.)

यावरचा उपाय गडचिरोलीच्या माणसाला शिकवायला नको. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्यांना मिळाला त्यांत हे गाव. तेव्हापासून गावोगावच्या ग्रामसभांत कोरम हा शब्द रुळला आहे. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हा ग्रामसभेला किमान निम्म्या सदस्यांची हजेरी ठरली, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. चार जणांनी झाडाखाली बसून ठराव केला तर तो गावाचा होत नाही. क्लस्टरमध्येही कोरमच असतो, हाच शब्द आहे. फक्त नियम एक पायरी कडक: निम्मे चालत नाहीत, निम्म्याहून जास्त लागतात. गाव बरोबर मधोमध दुभंगलं तर दोन्ही अर्धी 'आम्हीच ग्रामसभा' म्हणतील, म्हणून.

आता दोन नोडच्या जोडीत मतं किती? दोन. तार तुटली की एक विरुद्ध एक. म्हणून तिसरं मत लागतं. ते स्टोरेजवरची एक छोटी साक्षीदार डिस्क देते, किंवा तिसरं एखादं लहानसं, स्वस्त यंत्र देतं. त्याला दुसरं काही काम नसतं, फक्त मत द्यायचं. जिच्या बाजूनं तिसरं मत, ती बाजू मालक. हे साक्षीदार यंत्र त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर ठेवलंत तर साक्षीदारही आरोपीसोबतच जाईल. शेजारच्या इमारतीत ठेवा. तुमच्या कोटेशनमध्ये तिसऱ्या मताचा उल्लेखच नसेल, तर ते कोटेशन परत पाठवा. मी हे जपून, विचार करून लिहितो आहे.

मत हरलेल्या सर्व्हरला मात्र कळत नाही की आपण हरलो. तो अडकलेला असू शकतो, आणि दोन मिनिटांनी शुद्धीवर येऊन जुनंच काहीतरी लिहू शकतो. म्हणून नवा मालक काम हाती घेण्याआधी जुन्याची वीजच तोडतो. याला फेन्सिंग म्हणतात, सरळ कुंपण घालणं. ऐकायला क्रूर वाटतं, पण यावाचून क्लस्टर करू नये. अडचण अशी, की हे जुळवणं किचकट आहे. शिकवणीच्या बऱ्याच धड्यांत 'सध्यापुरतं फेन्सिंग बंद करा' अशी ओळ असते. तो सध्यापुरता मग कायमचा होतो. बंद केलं की इशारे थांबतात, सगळं हिरवं दिसतं, बिल निघतं. आणखी एक खाचखळगा: वीज तोडणारं छोटं कार्ड त्याच सर्व्हरच्या विजेवर चालतं. सर्व्हरची वीज पूर्ण गेली तर ते कार्डही मुकं होतं, आणि दुसरा सर्व्हर 'पहिला नक्की गेला का' या शंकेत तसाच थांबून राहतो. म्हणून दुसरा बंदोबस्त पेटीकडूनच हवा: स्टोरेजलाच सांगायचं की आता या सर्व्हरकडून काही लिहून घेऊ नकोस. बहुतेक चांगल्या पेट्यांना हे येतं. बसवणाऱ्यानं चालू केलेलं नसतं.

आपल्या जिल्ह्यांचे म्हणून काही प्रश्न आहेत, ते नागपूर-पुण्याच्या कोटेशनमध्ये सापडत नाहीत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि त्या चिमण्या ज्या गच्चीवरून दिसतात त्याच इमारतीत यूपीएसची बॅटरी मेलेली असते. दोन वीजपुरवठ्यांच्या दोन्ही पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या मी किती वेळा पाहिल्या याची गणती नाही. एक पिन एका यूपीएसवर, दुसरी दुसऱ्यावर, एवढं साधं आहे. मे महिन्यात इथला पारा ४७ च्या वर जातो. खोलीचा एसी बंद पडला की दोन्ही सर्व्हर आणि पेटी एकाच तासात तापून बंद होतात, म्हणून एसीही दोन. विजांसाठी अर्थिंग खरं हवं, कागदावरचं नको. ते दरवर्षी पावसाळ्याआधी मोजून घ्या.

आणि अंतर. कोटेशनमध्ये 'चार तासांत सेवा' लिहिलेलं असतं. कुठून चार तास, ते विचारा. नागपूरहून चंद्रपूर दीडशे किलोमीटर आहे. आलापल्लीच्या पुढचं तर बोलायलाच नको. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात बातम्यांत वाचतोच. तेव्हा एक जादा डिस्क, एक जादा स्विच, एक जादा वीजपुरवठा कपाटात ठेवा. दूरच्या करारापेक्षा कपाटातली वस्तू बरी.

एवढं सगळं नीट केलंत तरी एक भ्रम उरतो. दोन सर्व्हर म्हणजे दोन प्रती, हा. दोन्ही सर्व्हर एकच डेटा बघतात. कारकुनानं चुकून काही पुसलं, की दोघांसाठी पुसलं. खंडणीखोर व्हायरसनं कुलूप घातलं, की दोघांसाठी घातलं, आणि क्लस्टर ते बिघडलेलं काम अगदी अखंड चालू ठेवतो. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला असा हल्ला झाला. जवळपास दोन आठवडे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयात कागद-पेनानं काम चाललं. डेटा परत आला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा केंद्राला बॅटरीची आग लागली. तिथल्या एका सरकारी साठ्यात ८५८ टेराबाइट डेटा होता आणि त्याची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. तो गेला. तिथे पैशाची वा तंत्राची कमतरता नव्हती.

म्हणून क्लस्टर घ्या न घ्या, बॅकअप घ्या. एक प्रत यंत्रापासून सोडवलेली, कपाटात. एक प्रत दुसऱ्या गावात. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

आता शेवटी जे विकणारा सांगणार नाही, ते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना क्लस्टरची गरज नाही. हिशेब करा. वर्षाला ९९.९ टक्के चालू म्हणजे पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे ५२ मिनिटं. ९९.९९९ म्हणजे पाच मिनिटं. या प्रत्येक जादा नऊला किंमत भरमसाट वाढते, आणि ती सांभाळणारा माणूसही लागतो. पतसंस्था पाचला बंद होते. तिथे रात्री तीन तास यंत्र बसलं तर कुणाचं काय बिघडलं? अशा संस्थेनं एकच चांगला सर्व्हर, तसाच दुसरा बंद ठेवलेला, आणि रोजचा तपासलेला बॅकअप एवढं करावं. कुणी तरी दोन तासांत दुसरा चालू करू शकेल, तेवढी लेखी टिपणं भिंतीवर चिकटवावीत. रात्री-बेरात्री अतिदक्षता विभाग चालवणारं, प्रयोगशाळेचे अहवाल संगणकावरच बघणारं रुग्णालय असेल तर गोष्ट वेगळी. तिथे क्लस्टर घ्यावा, पण पुरा घ्यावा. अर्धा क्लस्टर हा एका साध्या सर्व्हरपेक्षा धोक्याचा असतो, कारण त्याच्या भरवशावर लोक बॅकअप सोडतात.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. अहवालाच्या पानांत संगणक खरेदीचा आकडा असतो, आणि त्यावर सहसा कुणी बोलत नाही. लाभांश आणि नाश्ता यांवर बोलतात. या वेळी उठून उभे राहा आणि दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात चालू सर्व्हरची केबल मुद्दाम काढून पाहिली का, आणि कोणत्या तारखेला? बॅकअपची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली का, आणि कोणत्या तारखेला? दोन्ही तारखा इतिवृत्तात लिहून घ्या. तारखा मिळाल्या नाहीत, तर तसंही लिहून घ्या.